समोरच्या बाईंचा भांग

दातांच्या दवाखान्यातल्या त्या बाईंना सगळे 'समोरच्या बाई' म्हणत, कारण दार ढकललं की पहिल्या त्याच दिसत. टेबल, टेबलावर फोन, फोनच्या पलीकडे बाई. आत डॉक्टर कितीही मोठे असोत, दात दुखणाऱ्याला आधी या बाईंच्या तावडीतून जावं लागे. उशिरा आलेल्याला त्या उशिरावरून सुनावत, लवकर आलेल्याला घाईवरून. लहान मूल आलं की मात्र आवाज न चढवता विचारत, "कुठला दात ते दाखव बघू," आणि आ करून दाखवण्याच्या नादात ते पोर रडायचं विसरून जाई. राग बाईंच्या नाकावरच असे. पण पेशंट म्हणत, बाहेर यांची बोलणी खाऊन आत गेलं की डॉक्टर देवमाणूस वाटतात.

म्हातारे डॉक्टर होते तोवर सगळं ठीक होतं. त्यांनी काम सोडलं आणि मुलगा आला. मुलगा तसा वाईट नव्हता. लहानपणी शाळेतून परस्पर दवाखान्यात यायचा, याच टेबलाखाली बसून बाईंच्या डब्यातलं खायचा आणि मावशी, मावशी करत त्यांच्या मागे फिरायचा. आता शिकून परत आला तो 'मॅडम' म्हणायला लागला. बाईंच्या रागाला तिथूनच सुरुवात झाली होती.

त्यानं भिंती राखाडी करून घेतल्या. जुनी बाकं काढून इतका बुटका सोफा आणला की गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना उठवायला दोन माणसं लागत. बाईंनी तेही गिळलं. पण शनिवारी संध्याकाळी त्यानं त्यांना आत बोलावलं आणि हातमोजे काढत, त्यांच्याकडे न बघता म्हणाला की सोमवारपासून दवाखान्याचं नवं रूप सुरू होतंय, तर समोर जरा फ्रेश वाटायला हवं. मग बोटानं स्वतःच्या डोक्याभोवती एक गोल काढला आणि म्हणाला, हे जरा बदलता आलं तर बघा. आणि नसेल जमत तर काही हरकत नाही, मागच्या खोलीत अवजारं उकळायला कुणीतरी लागणारच आहे, तिथे ताणही कमी.

खुर्चीत एक पेशंट अर्धा जबडा बधिर होऊन पडलेला होता. त्याच्यादेखत बाई नुसतं बरं म्हणाल्या, पर्स उचलली आणि निघाल्या. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती दोन चौक चालेपर्यंत जातच राहिली. फ्रेश म्हणे. आपण काय जुडीतली मेथी आहोत? त्या मागच्या खोलीत खिडकी नव्हती. तिथे एक यंत्र घूं घूं करायचं आणि दिवसभर एक माणूस बोलायला मिळायचा नाही. घरी नवरा होता, पण तो आयुष्यभर लोकांच्या विजेच्या मीटरवरचे आकडे टिपून निवृत्त झालेला. आकडा विचारला तरच बोलायचा. बाईंचं सगळं बोलणं त्या टेबलावर होतं. ते काढून घेतलं की उरलं काय?

आता गंमत अशी, की बाईंचे केस होते तसेच कित्येक वर्षं होते. खांद्यापर्यंत, मधोमध भांग, दोन्ही कानांमागे एकेक काळी क्लिप. ते सगळे कापून टाकले तर तो जिंकला. नाही काही केलं तर खुर्ची गेली. केस तर कापायचे नाहीत आणि डोकं मात्र नवं दिसायला हवं, असला तिढा घेऊन बाई रविवारी दुपारी जिना उतरल्या.

खालच्या मजल्यावर त्यांच्या धाकट्या नणंदेचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि एक पंखा, तोही फक्त पहिल्या खुर्चीला लागणारा. नणंद पन्नाशीची झाली तरी घरात तिला बेबीच म्हणत. ही बेबी केस कापायला शिकली तीच मुळी या वहिनीच्या डोक्यावर. नवी नवरी होऊन आलेल्या वहिनीला तिनं स्टुलावर बसवून मागून असं काही भादरलं होतं, की बाई पुढे कितीतरी दिवस मानेवर पदर घेऊन वावरल्या. तेव्हापासून टोकं कापायची झाली तरी बाई ती घरीच, न्हाणीघरातल्या आरशासमोर कापत. त्यामुळे वहिनी आपण होऊन खुर्चीत येऊन बसलेली बघून बेबीला आकाश ठेंगणं झालं. ती लगेच मानेपर्यंतच्या बॉबकटबद्दल बोलायला लागली.

बाई म्हणाल्या, लांबी एक बोटभरही कमी झाली तर याद राख. बेबीनं विचारलं, कुणाचं बोट, तुझं की माझं? आधी बोट पुढे धर, मग बोलू. बाईंनी चिडून करंगळी पुढे केली. बेबी म्हणाली, ठीक आहे, करंगळीचं नुसतं नखही पुरे.

काम मात्र तिला येत होतं. तिनं केस ओले केले नाहीत. तुझे केस लाटांचे, ओले ताणून कापले की वाळल्यावर वर पळतात, म्हणून कोरडेच घेते, म्हणाली. वरवरची एकेक बट टोकाशी धरून तिला पीळ घालायची. पिळाबरोबर फाटलेली टोकं जुन्या दोरीच्या तंतूंसारखी बाहेर उभी राहायची, तेवढीच कात्रीनं टिपायची आणि बट सोडून द्यायची. जमिनीवर चिमूटभर भुसा पडत होता, लांबी तशीच होती, आणि केस मात्र हलायला लागले होते. आता भांग एका बाजूला घेऊ, बेबी म्हणाली, आणि कपाळावर दोन बटा सोडू. चेहरा आपोआप बदलतो.

इथवर सगळं नीट चाललं होतं. मग बाईंनी डॉक्टरची कथा सांगायला घेतली. बेबी म्हणाली की त्याचं अगदीच चूक नाही वहिनी, धंदा आहे, आणि बाई भडकल्या. बेबीही भडकली. हे माझंही दुकानच आहे, इथे लोक फ्रेश व्हायलाच येतात, त्याला नावं ठेवायची तर उठ, असं ती म्हणाली. या दोघींचं भांडण असं, की दोघींनाही दुसरीचं ऐकायची गरज नसे. त्या भरात बेबीनं वरचे केस चिमट्यांत तसेच गुंडाळून ठेवले आणि पुढच्या दोन बटा बाजूला ओढून, भांग तिरका पडल्यावर जशा दिसतील तशा कापून टाकल्या. आधी भांग पाडायचा आणि मग बटा कापायच्या, हे पहिल्या महिन्यात शिकणाऱ्या मुलीलाही ठाऊक असतं. बेबीनं उलटं केलं. मग मुळं ओली केली, कंगव्याचं टोक डावीकडे रोवलं आणि केस पलीकडे टाकले.

भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र केस.

त्याचं असं होतं, की बाईंना केसांचा रंग सोसत नसे. एकदा पूर्ण डोकं रंगवलं तर कानामागे फोड आले होते. तेव्हापासून त्या मधल्या भांगाला लागून दोन्हीकडे बोटभर पट्टी तेवढी रंगवत, न्हाणीघराचं दार लावून, जुन्या टूथब्रशनं. रस्त्याकडची भिंत रंगवली की घर नवं दिसतं, तसा हिशेब. नवऱ्याला माहीत नव्हतं. बेबीला तर मुळीच नाही. तिला बाई टेचात सांगत, माझं काय, अजून शोधायला गेलं तर दोन-चार सापडतील. भांग सरकला आणि घराची मागची बाजू उघडी पडली.

बेबी आधी हसली. ते हसू तिला आवरेना, कात्री ठेवून बेसिनला धरून हसली. बाईंनी आरशात तिच्याकडे असं बघितलं की खाऊ की गिळू.

"केसानं गळा कापतात म्हणतात," बाई म्हणाल्या, "तू कात्री हातात घेऊन कापलास."

"मला काय माहीत तू पट्ट्या रंगवतेस म्हणून? झेब्रा आहेस का?"

"भांग परत मधे घे."

बेबीनं घेऊन दाखवला. तिरक्या भांगासाठी कापलेल्या बटा मधोमध आल्यावर कपाळावर दोन शिंगांसारख्या फाकल्या. बाईंनी एकवार बघितलं आणि डोळे मिटले. बेबीचं हसू तेव्हा कुठे थांबलं. रंगवून देते, अगदी सौम्य रंग आणते, असं ती हळू आवाजात म्हणाली, पण फोड आलेले कान घेऊन समोर बसायचं म्हणजे मागच्या खोलीचा रस्ता आपणच दाखवायचा. बाई नाही म्हणाल्या. मग बेबीनं ड्रायर लावला, मुळं गोल ब्रशवर उचलली, एकेक बट वाळवली. यंत्राचा आवाज थांबल्यावर ती म्हणाली की खरं सांगू का, पांढरे शोभतात तुला.

"तुला काय जातंय सांगायला," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

वर नवरा पेपर वाचत होता. त्यानं चष्म्यावरून बराच वेळ बघितलं. वेगळं दिसतंय, म्हणाला, आवाज तोच आहे ना? बाईंनी दाणकन दार लावून त्याची खात्री पटवली.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला दवाखान्यात गेल्या. रस्ताभर काच आली की बघत होत्या: क्लिपा नाहीत, केस खांद्यावर हलताहेत, आणि डावीकडून पांढरा पट्टा कपाळावरून कानापर्यंत गेलेला. सोफ्यावर पेशंट आधीच बसले होते. एका आजोबांना नुकतंच कुणीतरी ओढून उठवलं होतं आणि ते पुन्हा बसायचं धाडस करत नव्हते. बाई टेबलाशी पोचतात तोच तरुण डॉक्टर बाहेर आला. थबकला. मग त्याच्या चेहऱ्यावर मोठं हसू पसरलं.

"अरे वा, मॅडम. हायलाइट्स केलेत? मस्तच. बघा, मी म्हटलं होतं ना?"

इथे बाईंनी फक्त मान हलवली असती तर खुर्ची आपोआप मिळत होती. बेबीनं तेच सांगितलं असतं, नवऱ्यानंही. बाईंनाही ते क्षणभर दिसलं. पण तो म्हणाला होता, मी म्हटलं होतं ना. शनिवारपासून दाबून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यानं वर आलं.

"हे हायलाइट्स नाहीत," बाई म्हणाल्या. आवाज चढवावा लागला नाही, सोफ्यावरचे सगळे आधीच कान देऊन होते. "हे पांढरे केस आहेत. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून या खुर्चीत बसून झालेत. काळे होते तेव्हाही मीच इथे होते. आता सांगा, यांना समोर बसवायचं की मागे न्यायचं?"

 डॉक्टर पेशंटांकडे बघायला लागला, पण पेशंट सगळे बाईंचे होते. दर वेळी वेळेवरून, घाईवरून, न घासलेल्या दातांवरून त्यांचं ऐकून घेतलेले. एका बाईनं सुजलेल्या गालावरचा रुमाल काढून हातात धरला, नीट ऐकू यावं म्हणून. डॉक्टरनं खाली बघत काहीतरी म्हटलं.

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

"समोर," तो मोठ्यानं म्हणाला. "समोरच बसा. मी मागचं काम दुसऱ्या कुणाला तरी देतो."

"दुसऱ्या कुणालाही देताना त्या खोलीला आधी खिडकी पाडा," बाई म्हणाल्या. "आणि या माणसांना बसायला हात असलेल्या खुर्च्या आणा. हा सोफा आहे की विहीर?"

आजोबा जोरात हसले आणि लगेच दुखऱ्या दातावर हात दाबून कळवळले. डॉक्टर आत गेला. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. फोन वाजला तेव्हा तो त्यांनी उचलला आणि पलीकडच्या माणसाला, शनिवारची वेळ घेऊन आज फोन करतोस होय रे, असं सुनावलं. मग सुजलेल्या गालाच्या बाईला म्हणाल्या, जा आत, पहिला नंबर तुमचा, आज डॉक्टर हात हलका ठेवतील.