डेन्टनच्या बाजूचा वास

वर्ना लिंडक्विस्टच्या नाकाची आणि तोंडाची, दोन्हींची आमच्या डोंगरात धास्ती आहे. पूर्वी ती शाळेची बस चालवायची. आज गांजाची शेती करणारे निम्मे दाढीवाले लहानपणी तिच्या बसमध्ये ओकलेले आहेत, त्यामुळे तिच्यासमोर कुणी शेखी मिरवत नाही. गुडघे गेले, बस सुटली, तेव्हा माझ्या खत-बियाण्याच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी तिने एक टेबल टाकलं आणि व्हेपोरायझर दुरुस्त करायला बसली. मला विचारलं नाही. मीही हटकलं नाही, कारण हटकून उपयोग नसतो.

खिशात मावणारं यंत्र ते. त्यात गांजा जाळायचा नाही, नुसता तापवायचा आणि वाफ ओढायची. एवढ्याशा डबीला इतके आजार का व्हावेत मला कळत नाही, पण होतात.

"वर्ना, ओढच येत नाही. गाल आत जाऊन दातांना चिकटतात," लोनी नावाचा एक रेडा रडगाणं गात होता.

"पिठासारखा बारीक करतोस, वरून अंगठ्याने ठासतोस. हवा जाणार कुठून, तुझ्या कानातून?"

"आणि करपल्या मक्याचा वास येतो."

"तोच माल तिसऱ्यांदा तापवतोस, कंजूष मेल्या. दुसरं काय येणार?"

तोंड चालू असताना हात चालूच होते. तिने जाळी काढून स्पिरिटमध्ये टाकली, काडीला कापूस गुंडाळून नळीतला काळा चीक खरवडला, सगळं उन्हात वाळवलं. मग तिची ठरलेली तपासणी. आधी यंत्र रिकामंच तापवून एक झुरका. मग ते पार गार झाल्यावर, बंद ठेवून आणखी एक.

"बंद यंत्रातून काय येणार?" लोनी हसला.

"तू बसतोस ती खोली येते. तुझे मोजे येतात. हवा तर तिथलीच ओढतोस ना?"

लोनी यंत्र घेऊन निघून गेला.

पानगळीच्या सुमारास ओरली टिब्स आली. तिचा नवरा डेन्टन त्या वसंतात गेला होता, मळ्यातच, पाण्याचा पाइप हातात धरून. ओरलीने यंत्र टेबलावर ठेवलं, पण त्याच्यावरचा हात काही उचलला नाही.

"दुरुस्त करू नको. फक्त सांग, यात बिघाड नाही ना?"

"बिघाड नाही तर आणलंस कशाला?"

ओरलीने माझ्याकडे पाहिलं. मी पोती मोजत असल्याचं सोंग केलं.

"डेन्टनची शेवटची बरणी संपून महिने झाले गं. झोपताना सवयीने मी रिकामंच ओढते. आणि तरी त्याच्या मालाचा वास येतो. रोज नाही, धुकं उतरलं की. पलंग मी देऊन टाकला, गादी खालीच टाकलीय. माझ्या बाजूला काही नसतं. त्याच्या बाजूला वळले की येतो."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगू.

डेन्टनचा माल म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. आमच्याकडे मालाची तारीफ करायची तर 'स्कंकसारखा मारतो' म्हणतात. स्कंक हे काळं-पांढरं जनावर. शेपूट उचलून त्याने फवारा मारला की माणूस आठवडाभर स्वतःलाच नकोसा होतो. परक्यांना त्या वासाने उमळून येतं, आम्हाला घरी पोचल्यासारखं वाटतं. डेन्टनने स्वतः जोपासलेल्या वाणाचा वास बरणी उघडली की रस्त्यावर जायचा. तो गेल्यावरही ओरलीच्या दारात उभी राहिलेली माणसं हवा हुंगून म्हणायची, "वा, डेन्टनचा साठा शिल्लक आहे वाटतं!" खताची पोती टाकायला गेलो तेव्हा मीही तेच म्हणालो होतो. ओरली त्यावर नुसती हसायची.

वर्नाने यंत्र रिकामं तापवून ओढलं, मग गार करून ओढलं. काही नाही.

"यंत्र ठणठणीत आहे."

ओरलीचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली. "म्हणजे तोच येतो."

वर्ना मात्र हसली नाही. "सकाळी डोकं जड असतं का तुझं?"

"रडून झोपलं की होतंच ना."

वर्नाने माझ्याकडे न बघताच कोट चढवला. "ट्रक काढ."

डोंगरावर धुकं इतकं दाट होतं की भर दुपारी दिवे लावून चालवावं लागलं. ओरलीचं घर उंच झाडांच्या पोटात आहे, आणि गारठ्यामुळे तिने खिडक्या घट्ट लावलेल्या. झोपायच्या खोलीत गादीच्या एका बाजूला चादर चुरगळलेली, दुसऱ्या बाजूला डेन्टनची उशी अगदी नीट मांडलेली. वर्ना कण्हत गुडघ्यांवर बसली, मग त्या बाजूला आडवी झाली. यंत्र जमिनीला टेकवून, बंदच ठेवून, तिने लांब झुरका घेतला. मग यंत्र माझ्या हातात दिलं.

मी आडवा झालो, ओढलं, आणि डेन्टन आला. बरणीचं झाकण नाकाशी उघडावं तसा आला. मी चक्क उशीकडे वळून पाहिलं. त्या क्षणी ती दबलेली दिसली असती तर मला नवल वाटलं नसतं.

"आला ना?" ओरलीने माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि शेजारी टेकली. तिचा अंगठा बटनावर होता. "थांब, तापवलं की आणखी जवळ येतो."

"ओरली, अंगठा काढ." हा वर्नाचा बसमधला आवाज होता. त्या आवाजाने चालत्या भांडणातली पोरं जागच्या जागी बसायची. "बटन दाबू नको. दिव्याला हात लावू नको. ऊठ आणि बाहेर चल."

बाहेर आल्यावर वर्ना लंगडत घरामागे गेली आणि तिने गॅसच्या टाकीची झडप बंद केली. हीटरकडे जाणारी तांब्याची नळी लाकडी जमिनीखाली सांध्यात चिरली होती, डेन्टनच्या बाजूला, बरोबर त्या फळ्यांखाली. गॅस जड, जमिनीलगतच साचायचा, आणि धुक्याच्या दिवसांत बंद घरातून त्याला वाट नसायची. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळतात. ती स्कंकच्या वासाला इतकी जवळची की दुसरीकडे कुठेही बाया-माणसं नाक धरून पळत सुटली असती. आमच्या खोऱ्यात लोक दारात उभे राहून वाहवा करत होते. बटनाखालची ठिणगी पुरली असती की नसती, मला माहीत नाही. वर्नाला विचारलं तर ती विषय बदलते.

ओरली अंगणात उभी होती, शाल गच्च धरून.

"परत उघड ना, उद्या बंद कर," ती म्हणाली. "आजची रात्र राहू दे."

"नाही."

"एकच रात्र, वर्ना. मी बटन नाही दाबणार. नुसती पडून राहीन."

"नाही म्हटलं ना, पोरी."

ओरलीने वाद घातला नाही. तिने शांतपणे मान डोलावली. मला ते मुळीच आवडलं नाही.

नळी नवी बसवली. घर दोन दिवस उघडं ठेवलं. नंतर धुक्याच्याच एका सकाळी ओरली दुकानात आली आणि तिने यंत्र वर्नासमोर ठेवलं.

"आता काहीच येत नाही. दुरुस्त कर."

दुकानात आम्ही तिघंच होतो. एरवी असल्या बोलण्यावर वर्नाने माणसाची पिसं काढली असती. ती ओरलीच्या हाताकडे बघत होती. बोटांची सालटं निघाली होती.

"हाताला काय झालं?"

"पाना घसरला."

"कुठला पाना?"

ओरली खाली मान घालून सालटलेली बोटं चोळत राहिली.

"निघाली का नळी?"

"नाही," ओरली म्हणाली. "फार घट्ट बसवलीय त्यांनी." आणि ती भोकाड पसरून रडली, नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीही रडली नव्हती तशी.

वर्नाने उघडी पडलेली दोन-तीन यंत्रं तशीच टेबलावर टाकली, ओरलीचा दंड धरला आणि तिच्याबरोबर डोंगरावर गेली. गॅसची टाकीच काढायला लावली, हीटर विजेचा बसवला. आणि राहिली. सकाळी माझ्या दुकानात तिच्या टेबलावर येते, संध्याकाळी वर जाते, आणि त्या गादीवर डेन्टनच्या बाजूला झोपते. खिडकी उघडी ठेवते. गारठ्यावरून दोघी रोज भांडतात.

परवा लोनी कुचकटपणे म्हणाला, "काय वर्ना, संसार थाटलास म्हणे?" तिने त्याला स्पिरिटची बाटली फेकून मारली.

तो गेल्यावर मात्र, जाळी घासता घासता, तिने मला एक सांगितलं. कधीकधी पहाटे तिला जाग येते तेव्हा ओरली तिच्या तोंडाशी वाकलेली असते, अगदी जवळ, आणि डेन्टनला शोधत तिचा श्वास हुंगत असते. वर्ना डोळे मिटूनच पडून राहते, आणि श्वास जरा मोठ्याने सोडते.