चौथा कोपरा

मशीन स्वस्तातलं होतं, हे मी नाकारत नाही. चाकणला आम्ही फोटोफ्रेमचं दुकान टाकलं तेव्हा पट्ट्या तिरक्या कापायला ते मायटर कटर घेतलं. चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन्ही टोकं पंचेचाळीस अंशात. पण तीन कोपरे बसायचे आणि चौथ्यात फट राहायची. गिऱ्हाइकाला दिसायचीही नाही. आमच्या ह्यांना मात्र तेवढीच दिसायची.

कारण हे कारखान्याच्या टूलरूमचे. वीस वर्षं डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवल्या. केसाइतका फरक बोटाला कळायचा. मग नवी डाय प्रेसवर लावून बघताना डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि नोकरीही गेली.

"मशीनच भिकार हाय," हे रोज म्हणायचे. मीही सूर धरायचे, "व्हय, मेलं फेकून द्यायच्या लायकीचं." खोटं कशाला बोलू, मशीनला शिव्या घातल्या की मला बरं वाटायचं. त्याला काही लागत नव्हतं.

ह्यांनी काय काय केलं नाही! सोबत आलेलं जाड दात्यांचं ब्लेड काढून बारीक दात्यांचं बसवलं. कोनाच्या चकतीवरचा पंचेचाळीसचा आकडा खोटा निघाला, म्हणून गुण्या लावून कोन धरला. ब्लेडची दांडी हलायची, तिचा बोल्ट आवळला. पट्टी टेकवायच्या मागच्या कडेला लग्नपत्रिकेचा तुकडा कापून टेकू दिला. ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही, हे मला दहादा बजावलं. तरी चौथा कोपरा उघडाच.

"क्लॅम्प लावा की ओ," मी म्हटलं.

"त्यानं पट्टीवरची नक्षी दबती. आन् क्लॅम्प शिकाऊ लावत्यात."

संपला विषय. हट्टी माणूस!

एकदा हे काचा आणायला चिंचवडला गेले होते. एका बाईंना त्यांच्या वडिलांच्या फोटोची फ्रेम दुपारच्या आत हवी होती. वर्षभर बघून बघून मला सगळं पाठ झालं होतं. पट्टी तळव्यानं घट्ट दाबली, ब्लेड सावकाश खाली आणलं. असे आठ काप घेतले. चारही पट्ट्या टेबलावर जुळवल्या. फट कुठेच नव्हती. गुण्या लावला तर मधून उजेडही येईना.

म्हणजे मशीन कधीच नीट झालं होतं. ब्लेड टेकलं की ह्यांच्या डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांखालून पट्टी जराशी सरकत होती, एवढंच. कुठून मला ही अवदसा आठवली! कानस उचलली आणि म्हटलं, आपणच एक कोपरा बिघडवून ठेवावा. तेवढ्यात हे आलेच.

ह्यांनी चारही कोपरे एकेक करून बघितले.

"कुणी कापलं?"

"तुमीच. काल."

"काल माझ्याच्यानं एक बी चौकट बसली न्हाई."

मी हातातली कानस टेबलावर ठेवली. ह्यांनी डावा हात खिशात घातला.

"मशीन चांगलं हाय मग," म्हणाले.

महिन्याभरात हे एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. दुकान मी बघते. कोपरे बसतात, लोक फिनिशिंगचं कौतुक करतात, आणि मला त्या कौतुकाचा संताप येतो. ड्यूटीवरून आले की मी ह्यांच्यापुढे फ्रेम धरते. "बघा ना, बराबर हाय का?" हे न बघताच म्हणतात, "असंल."

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम एक फ्रेम चुकवली. नख जाईल एवढी फट ठेवली आणि ती ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, ओरडू देत, अक्कल काढू देत माझी, काहीतरी बोलू देत. ह्यांची नजर बरोब्बर त्या फटीवर गेली. क्षणभर तिथेच थांबली.

"चांगली झालीय," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.