काकूंच्या हातातल्या मुंग्या

परवा सकाळी ईट गावात होते. तिथल्या एका रिटायर्ड गुरुजींच्या घरावर सोलर बसणार होतं, आणि त्याआधी घरातली वायरिंग तपासून घ्या असा त्यांच्या पुण्याच्या मुलाचा हट्ट... म्हणून मला धाराशिवहून बोलावणं.

माझं कामच ते. लोकांच्या घरात शिरायचं, बोर्ड उघडायचे आणि नाकं मुरडायची. नवरा म्हणतो, तू हळदीकुंकवाला गेलीस तरी आधी मीटरकडं बघतेस. खरंय ते.

या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती "वायरिंग घरीच केलीय" या वाक्याची. जॉइंटवर दवाखान्यातली चिकटपट्टी, गिझरला टेबलफॅनची वायर, फ्यूजच्या जागी तांब्याचं जाडजूड वेटोळं... काय काय नाही पाहिलं! आणि करणारा शेजारी उभा राहून कौतुकाची वाट बघत असतो.

गुरुजीही तसेच उभे होते. सगळं घर त्यांनी स्वतःच्या हातानं वायर केलेलं. पण खरं सांगते, काम देखणं होतं. वायरी सरळ, जॉइंट घट्ट, प्रत्येक स्विचखाली फळ्यावरच्यासारख्या अक्षरात नाव... पडवी, देवघर, न्हाणी. अर्थिंगची हिरवी वायरसुद्धा प्रत्येक बोर्डाला नीट जोडलेली. नावं ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळं जरा हिरमोडच झाला म्हणा ना.

अर्थिंगचा खड्डा कुठंय विचारलं तर म्हणाले, "अंगणात. तिथली ओल कधी हटत नाही." बरं वाटलं. आपल्याकडं उन्हाळ्यात तो खड्डा ठणठणीत कोरडा पडतो, आणि कोरड्या मातीतली अर्थिंग असून नसल्यासारखी. जाता जाता बघू म्हटलं आणि बॅग आवरायला घेतली.

तेवढ्यात काकू, म्हणजे गुरुजींच्या मिसेस, चहा घेऊन आल्या. माझं करंट तपासायचं मीटर बघून त्यांना मी अर्धी डॉक्टर वाटले असणार. गुरुजी जरा बाजूला झाल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? सकाळी तुळशीला पाणी घालताना हाताला मुंग्या येत्यात. साखर वाढली असंल का?"

मी विचारलं, एरवी येतात का?

"न्हाय ओ. तुळशीपाशीच. आन् थंडीच्या दिसातच लई."

साखर काही थंडी बघून वाढत नाही... पण गिझर थंडीतच लागतो! मी कप तसाच खाली ठेवला आणि अंगणात गेले.

फरशीच्या ओट्यावर सिमेंटचं सुंदर वृंदावन. हळदीकुंकू ताजं. आणि मागच्या बाजूनं एक हिरवी वायर, छान क्लिपा मारून आणलेली, थेट तुळशीच्या मातीत शिरलेली.

मागोमाग आलेल्या गुरुजींनी अभिमानानं सांगितलं. टँकरच्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार? पण कसलाही दुष्काळ असो, तुळस कधी कोरडी राहिली नाही. मग अर्थिंगची सळई तिच्यातच रोवली!

डोकं बघा माणसाचं. ओल पाहिजे हे बरोबरच. पण वृंदावनाला खालून सिमेंटचा तळ, त्याखाली फरशी. ती माती जमिनीला टेकतच नव्हती. घरात कुठं करंट लीक झाला तर तो जमिनीत जाण्याऐवजी तुळशीत येऊन थांबणार... आणि काकू आंघोळ करून ओल्या पायांनी, ओल्या हातानं तिथंच कुंकू लावणार.

काकूंना लांब उभं केलं. गुरुजींना गिझर चालू करायला सांगितला आणि टेस्टर मातीत टोचून, उन्हात त्याचा दिवा दिसावा म्हणून वर ओढणीची सावली धरली. टेस्टरचा दिवा लागला. गिझर बंद, दिवा बंद. पुन्हा चालू... पुन्हा लागला. गिझरच्या कॉइलमधून करंट लीक होत होता.

गुरुजी ओट्यावरच बसले. "हिला शॉक बसू नये म्हणूनच केलं होतं हो..." एवढंच म्हणाले. एरवी अशा वेळी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. परवा मी टेस्टरचं टोक पुसत राहिले.

बोलल्या त्या काकू. "माझ्या काळजीनंच केलं नव्हं? उठा आता. बाईचा चहा गार व्हायलाय."

गिझर तिथल्या तिथं बंद करून वायर सोडवली. काल पुन्हा गेले. न्हाणीमागं, सांडपाण्याची ओल असते तिथं जमिनीत रीतसर खड्डा घेतला, करंट लीक झाला की लाइट आपोआप बंद करणारा ब्रेकर बसवला, गिझरची कॉइल बदलली. सळई गुरुजींनी स्वतःच उपटली. उपटण्याआधी दोघांनीही तुळशीला हात जोडले... मीही जोडले.

येताना बसमध्ये सारखं मनात येत होतं. अंगणातली ती वायर मला दिसलीच असती, मान्य. पण काकू मुंग्यांबद्दल बोलल्या नसत्या, तर ही सकाळसंध्याकाळ हात लावायची जागा आहे हे माझ्या ध्यानात येऊन मी लगेच उठले असते का? "चुकीची अर्थिंग, बदलून घ्या" एवढं सांगून निघाले असते. बदलेपर्यंत काकूंची रोजची सकाळ तुळशीपाशीच उजाडत राहिली असती.

आपल्या बायका असलं काही सांगत नाहीत. वय झालं म्हणतात, आणि कामाला लागतात. काकूंनी अनोळखी बाईला विचारलं, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. आणि त्या चहाचेही.

आज सकाळी त्यांचा फोन आला. तुळशीला पाणी घातलं म्हणाल्या. मी विचारलं, मग?

"मग काय... नुसतं गार लागलं, बाई."