औधुम्लेची वसुबारस

वसुबारसेला अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या बाकीच्या मराठी बायका चांदीच्या गायवासराला हळदकुंकू वाहतात, फोटो ग्रुपवर टाकतात आणि मोकळ्या होतात. सुवर्णाला ते कधी पटलं नाही. लेकरासाठी मागायचं ते जित्याजागत्या गाईकडे, हा तिचा हट्ट. म्हणून वेदांत वर्षाचा झाल्यापासून ती दरवर्षी तासभर गाडी हाकत एइनारच्या फार्मवर जायची.

एइनार म्हातारा, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याचा पणतू. जनावरांना त्यानं पूर्वजांच्या पुराणातली नावं दिलेली. कुत्रा गार्म, कोंबडा गुलिनकांबी आणि गाय औधुम्ला. आपल्याकडे कपिला असते तशीच ही, असं सुवर्णा म्हणायची.

यंदा मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला आणि वीस वर्षांचा वेदांत, तिचा एकुलता एक, आत गेला.

वसुबारसेला तिनं पूजेचं ताट भरायला घेतलं, तेव्हा नवऱ्याला, विनयला राहवेना. "या वर्षी कॅन्सल कर ना, सुवर्णा. आता कोणासाठी?"

ती ताट भरत राहिली. न जाणं म्हणजे वेदांत नाही हे स्वतः कबूल करणं, आणि ते तिच्यानं होईना. ती निघाली.

एइनार गोठ्याच्या दाराशीच होता. "कम ऑन, गर्ल," त्यानं गाईला बोलावलं. गाय ढिम्म हलली नाही. एरवी नावानं हाक मारणारा हा माणूस आज नाव गिळतोय, हे सुवर्णाच्या लक्षात आलं, आणि का तेही. औधुम्लेची गोष्ट त्यानंच लहानग्या वेदांतला सांगितली होती. सृष्टीच्या आरंभी ही गाय खारट बर्फ चाटत राहिली. पहिल्या दिवशी बर्फातून माणसाचे केस दिसले, दुसऱ्या दिवशी डोकं, आणि तिसऱ्या दिवशी अख्खा माणूस बाहेर आला.

"औधुम्ला," सुवर्णानंच हाक मारली. गाय आली, मागून वासरू आलं.

एइनारनं टोपी काढली. "मला ते नाव घेववत नाही. माफ कर."

"नावाचा काय दोष?" ती म्हणाली. "आमचा वेदांतही तिसऱ्याच दिवशी बर्फातून बाहेर आला, एइनार. अख्खा. नुसता श्वास तेवढा नव्हता."

मग तिनं गाईच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मागायला काहीच उरलं नव्हतं. वासराच्या पाठीवर हात ठेवून ती मार्चपासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.