फूल नसलेल्या अकरा गाड्या

ती मोटार मला आजही आठवते, आणि मी विसरायचं म्हटलं तरी घरचे विसरू देणार नाहीत. तिच्यात बसून हात हलवणारा माझा फोटो त्या काळी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बऱ्याच दुकानांत लागला होता. फोटोत मी पूर्ण गणवेशात आहे, टोपी किंचित तिरकी आहे आणि तोंडावर असा रुबाब, की जणू मोटार मीच बनवली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेट्रोल एकाएकी महागलं होतं आणि स्कूटरवाले लोक बसच्या रांगेत दिसू लागले होते. मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीतल्या औद्योगिक वसाहतीत एका नव्या कंपनीने शेड घेतली आणि विजेवर चालणारी मोटार बनवली. मोटारीचं प्रात्यक्षिक ठेवलंय, गर्दी होणार, बंदोबस्त हवा, असा रीतसर अर्ज आला. मी चार शिपाई दिले. पाचवा मी स्वतःच गेलो, कारण बिनपेट्रोलची मोटार बघायची मलाही हौस होती.

मोटार खरंच चालली. धूर नाही, आवाज नाही, शिवणयंत्रासारखी बारीक घरघर तेवढी. कंपनीच्या मालकाने अदबीने दार उघडलं. "साहेब, एक चक्कर?" मी लगेच बसलो. लोक टाळ्या वाजवायला लागले तसा मी हातही हलवला, आणि कंपनीच्या फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. माझ्या हाताखालचे एक हवालदार बरोबर होते, मोठे स्पष्टवक्ते. परत येताना म्हणाले, "साहेब, बाकीच्यांना घेऊन गाडी मजेत पळत होती. तुम्ही बसलात आणि जरा दमली."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या शेअरचा भाव सहा रुपयांनी चढला.

हे मला कळलं ते आमच्या दादांकडून. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. मूळ मालवणकडचे, उभी हयात गिरणीत फिटर म्हणून काढलेली, आणि घाटकोपरला एका खोलीत पाच माणसांचा संसार. निवृत्त झाल्यावर हातात जो फंड आला तो त्यांनी मुलुंडला ब्लॉक घ्यायला राखून ठेवला होता. ब्लॉक बघूनही झाला होता. मोरी कुठे, देवघर कुठे, सगळं वहिनींनी ठरवलं होतं. पण मध्ये ही मोटार आली.

कंपनीने पहिले शेअर दहा रुपयांना विकले होते. शेअर बाजारात त्यांची अजून नोंदही नव्हती. तरी घाटकोपर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात चहाच्या टेबलावर ते या हातातून त्या हातात जात आणि दर वेळी महाग होत. वीस झाले, तीस झाले. आता कंपनी दसऱ्याच्या मुहूर्तावर नवे शेअर काढणार होती, शेडमध्येच अर्ज आणि पैसे घेणार होती. बारा गाड्या तयार आहेत, दिवाळीला रस्त्यावर येतील, असा बोलबाला होता. दादांनी ठरवलं की ब्लॉकचे सगळे पैसे दसऱ्याला शेअरमध्ये घालायचे, दिवाळीनंतर विकायचे आणि एका खोलीऐवजी दोन खोल्यांचा ब्लॉक घ्यायचा.

"भावोजी, तुम्ही स्वतः बसान इलात," दादा आमच्याकडे जेवायला आले असताना म्हणाले. "गाडी धावता की नाय?"

"धावते दादा, पण—"

"धावता मा? मगे पण कित्याक?"

बायको भात वाढता वाढता म्हणाली, "दादा, यांच्या भरवशावर जाऊ नकोस. यांना टांग्यात बसवलं तरी हे हात हलवतील."

नवरात्र चार दिवसांवर असताना एक मंडपवाला ठाण्यात आला. "साहेब, माझी वाट लागली ना! गणपती झाल्यावर मोटार कंपनीवाल्यांनी बांबू नि ताडपत्र्या भाड्याने नेल्या. आठ दिवस बोलले होते. आता देवीचे मंडप तोंडावर आलेत नि ते मला गेटच्या आत घेत नाहीत."

मला वाटलं, प्रात्यक्षिकाच्या वेळी मांडव घातला होता त्याचे बांबू असतील. मी त्याला समजावलं की भाड्याचा वाद म्हणजे दिवाणी बाब, पोलीस त्यात पडत नाहीत.

"बाब कसलीही असू दे, पण साहेब, मोटारी बनवणाऱ्याला दीडशे बांबू लागतात कशाला, हे तरी विचारा ना त्यांना!"

प्रश्न चांगला होता. पण पोलिसात चांगले प्रश्न बहुधा चुकीच्या माणसाच्या तोंडून आणि जेवणाच्या वेळेला येतात. मी त्याला वाटेला लावला.

खंडेनवमीच्या सकाळी ठाण्यात आमची शस्त्रपूजा झाली. रायफलींना हळदकुंकू, लाठ्यांना झेंडू, कोठडीच्या कुलपाला फूल. हवालदारांनी अर्धी अक्षरं न उमटणाऱ्या टाइपरायटरलाही गंध लावलं. तेवढ्यात कंपनीच्या मालकाचा निरोप आला की शेडमध्ये यंत्रांची पूजा आहे, नारळ साहेबांच्या हस्ते फोडायचाय, साहेबांचा हात लाभतो. हात लाभतो म्हटल्यावर मी निघालोच. हवालदार बरोबर होते, आणि उद्या पैसे भरण्याआधी गाड्या डोळ्यांनी बघायच्या म्हणून दादाही आले.

शेड लख्ख झाडलेली. लेथ मशीन, ड्रिल, वेल्डिंगचा संच, पाने, हातोड्या, सगळ्यांना कुंकू लागलेलं. मिस्त्रींच्या चहाच्या स्टोव्हलाही झेंडूचं फूल होतं. मध्यभागी ती आमची मोटार हार घालून उभी. आणि मागच्या भिंतीलगत, दोरी बांधून अडवलेल्या जागेत, ताडपत्र्यांखाली ओळीने अकरा गाड्या. मी नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, ते असो.

दादा मात्र त्या ओळीकडेच बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भावोजी, ह्यो कसलो प्रकार? त्या गाड्यांका एक फूल नाय. आमच्या गिरणीत बंद पडलेल्या मागाकसुद्धा आजच्या दिवशी फूल असायचा. ह्या बरा नाय." त्यांना शंका वगैरे काही आली नव्हती. त्यांना त्या गाड्यांचं वाईट वाटलं होतं, इतकंच. उद्यापासून त्या थोड्या त्यांच्याही होणार होत्या ना!

कुणाला न विचारता त्यांनी पूजेचं ताट उचललं, दोरी ओलांडली आणि पहिल्या गाडीच्या नाकावर कुंकू लावायला ताडपत्रीचं टोक धरलं.

"काका, नको!" मोठे मिस्त्री धावले आणि त्यांनी दादांचा हात घट्ट धरला. ती चालती मोटार ज्यांनी बनवली ते हेच.

"कित्याक नको?"

"राहू द्या. अजून पुऱ्या झाल्या नाहीत त्या."

मी पुढे झालो. "मिस्त्री, त्या हातोडीला दांडा नाही, तरी तिला फूल आहे. मग यांना का नाही?"

मालक हसत हसत मध्ये पडले, "साहेब, प्रसाद घ्या, प्रसाद घ्या." हवालदारांनी प्रसाद घेतला आणि मालकांच्या शेजारी असे उभे राहिले की मालकांना कुठे जाता येईना.

त्या क्षणी मला तो मंडपवाला आठवला. मी आवाज खाली आणून विचारलं, "मिस्त्री, तुम्ही इतक्या लोकांना सांगितलंत की बारा गाड्या आहेत. मला आज एकदाच सांगा. या ताटातलं कुंकू घ्या आणि तुमच्या हाताने यातल्या एका गाडीला लावा. मी निघून जातो."

मिस्त्रींनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "माणसांना सांगितलं साहेब, पोटासाठी सांगितलं. पण आजच्या दिवशी बांबूला कुंकू लावायला सांगू नका."

हवालदारांनी ताडपत्री ओढली. खाली बांबू सुतळीने बांधून मोटारीचा आकार उभा केला होता. गणपतीचं मखर बांधतात तितका सुबक. पुढचे दोन दिवे तेवढे खरे होते. दादांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

मालकांना ठाण्यात आणलं. इतका शांत आरोपी मी क्वचितच बघितला असेल. त्यांनी मलाच प्रश्न घातला. "साहेब, मी शेअर दहाला दिला. घाटकोपरला त्याचे पंचेचाळीस कुणी केले? मी केले?"

"बांबू तुम्ही केलेत."

"लोकांचा एका गाडीवर विश्वास बसत नाही. बारा दिसल्या की बसतो. उद्या पैसे आले असते की त्याच बांबूंच्या जागी खऱ्या अकरा उभ्या केल्या असत्या. मग याला फसवणूक कोण म्हणणार होतं?"

खोटं कशाला बोलू, मी क्षणभर विचारात पडलो. पण हवालदार म्हणाले, "शेठ, मग लोकांनीही उद्या ताडपत्रीखाली कोरे कागद आणून दिले असते. नंतर भरू म्हणाले असते नोटा. चाललं असतं?"

मालकांनी पहिल्यांदाच पाणी मागितलं.

मग शेडमध्ये परत जाऊन पंचनामा केला. त्यात एक रकाना असतो, जप्त मालाची अंदाजे किंमत. पंच म्हणून शेजारचा चहावाला आणि एक शिंपी घेतला होता. ज्या कंपनीची किंमत घाटकोपरच्या हॉटेलात रोज चढत होती, ती आता या दोघांनी ठरवायची होती. बांबू, सुतळी, ताडपत्र्या भराभर लिहून झाल्या. त्या मालाला बाजारभाव होता आणि बातमी ऐकून धावत आलेला मंडपवाला तो ओरडून सांगतही होता. अडलो त्या एका खऱ्या मोटारीपाशी. चहावाला म्हणाला, भंगाराच्या भावाने धरा. शिंपी म्हणाला, मग शिलाईचं काय?

मिस्त्री कोपऱ्यात उभे होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, मला आत टाका. पण तिला भंगार लिहू नका. ती चालते."

मी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, 'विजेवर चालणारी मोटार, एक नग, चालू स्थितीत. बाजारभाव उपलब्ध नाही.' वरिष्ठांनी त्यावर मला झापलं. पण याहून खरं वाक्य मी माझ्या नोकरीत कुठल्या पंचनाम्यात लिहिलं असेन असं वाटत नाही.

पुढे मालकांना शिक्षा झाली. मिस्त्री माफीचे साक्षीदार झाले. दसऱ्याच्या सकाळी पैसे घेऊन आलेली माणसं मात्र शेडच्या बंद दारापाशी माझ्यावरच चिडली होती. एकाने तर सुनावलं, "फोटोत बसताना बरं वाटलं होतं ना साहेब?" त्याचं बोलणं मला लागलं, कारण नेमकी गोम तिथेच होती. मी गर्दी बघून बंदोबस्त दिला होता, आणि लोकांनी बंदोबस्त बघून भाव दिला होता. मला वाटलं, इतके लोक जमलेत म्हणजे काहीतरी असणार. त्यांना वाटलं, साहेब बसलेत म्हणजे काहीतरी असणार. ताडपत्री कुणीच उचलली नाही. त्यानंतर बंदोबस्तावर असताना मी कुठल्याही वाहनात बसलो नाही, कुणी कितीही दार उघडून धरलं तरी.

दादा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. भाव अजून चढला असता, वेळेत विकून मोकळा झालो असतो, असं त्यांना मधूनमधून वाटत असे. पण ब्लॉक घेतला. एका खोलीचाच. पुढच्या खंडेनवमीला आम्हाला तिथे जेवायला बोलावलं. बायकोने वहिनींच्या बरोबरीने सगळ्या वस्तूंची पूजा केली. शिवणयंत्र, रेडिओ, दादांची गिरणीतली जुनी हत्यारपेटी. शेवटी नव्या दाराच्या कडीला तिने झेंडूचं फूल खोचलं आणि दादांनी डोळे पुसले ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी तिला म्हटलं, "सगळ्यांना फूल झालं. मला नाही?"

तिने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. "फोटोत छान दिसता तुम्ही," ती म्हणाली. "पण आधी ताडपत्री उचलून बघते."

दादा वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्याने हसले.