ताईच्या नाकात काय घडलं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप भरला, तेव्हा बायको मुलांना घेऊन माहेरी होती. कळताच माझी मोठी बहीण केनवडहून मालेगावला माझ्याकडे आली. येऊ नको म्हणून बजावलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. मी उठून बसायला लागलो आणि ती आजारी पडली.

ताईची केनवडला मसाल्याची गिरणी आहे. आजूबाजूच्या बाया धने-मिरच्या घेऊन तिच्याकडे येतात, कारण मसाला भाजण्यात तिचा हात धरणारं तिकडे कोणी नाही. कढईकडे पाठ करून ती नुसत्या वासावर सांगते, की आता उतरवा.

तिचा ताप फार नव्हता, लवकर उतरला. मग एका सकाळी ती वरणाला फोडणी देत होती. लसूण काळा पडला, घरभर धूर झाला, तरी ती उभीच. मी धावत जाऊन गॅस बंद केला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हिंगाची डबी उघडून तिनं नाकाला लावली.

"मले काहीच वास येऊन नाही राह्यला," ती हळूच म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दुपारी तिनं मला समोर बसवलं आणि विचारलं, "त्या कोरोनाले ना हात ना पाय. अंदर घुसते कसा?"

मी सांगायला लागलो. विषाणूच्या अंगावर काटे असतात. आपल्या काही पेशींवर एक प्रथिन असतं, ते शरीराच्या दुसऱ्याच कामाचं. काटा त्या प्रथिनात नेमका अडकतो. मग विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला एक लांब धागा पेशीत उतरतो. त्या धाग्यावर विषाणू कसा बनवायचा, एवढंच लिहिलेलं असतं. पेशीत प्रथिनं तयार करणारी यंत्रणा असतेच. ती हा धागा आपलाच समजून वाचते. आधी धाग्याच्या नकला काढणारं यंत्र तयार होतं, मग नकला, मग नवे काटे, नवी आवरणं. पेशीच्याच आतल्या पडद्यांमध्ये सगळं जुळतं आणि नवे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशी गाठतात.

"म्हणजे त्याच्याजवळ स्वतःचं काहीच नाही?"

"तो धागा आहे. बाकी सगळं आपलं."

ती म्हणाली, "मंग पेशीले समजत काहून नाही?"

इतकी वर्षं शिकवतो, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मलाही पडला नव्हता. मी मोबाइलवर वाचत बसलो. संध्याकाळी तिला सांगितलं, की पेशीला समजतं, पण उशिरा. विषाणू नकला काढतो ते पेशीतच तयार केलेल्या बारीक पिशव्यांत, लपून. धाग्याच्या टोकाला पेशीच्या धाग्यांसारखीच टोपी चढवतो. शिवाय पेशी धोक्याची खबर देणारी प्रथिनं बनवू पाहते, तेच काम तो मंदावून टाकतो.

"लय हुशार हाये," ती म्हणाली.

त्याला विचारच करता येत नाही, मी म्हणालो. नकला काढताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, एखादी त्याच्या फायद्याची निघते, तीच टिकते. हे तिला पटायला वेळ लागला. नुसत्या चुकांतून एवढं कसं होईल, असं ती जेवतानाही विचारत होती.

नाकाचं मात्र मी टाळत होतो. वास घेणाऱ्या पेशीच मेल्या असतील अशी मला भीती होती, आणि तिची सगळी गिरणी नाकावर चालायची. वाचल्यावर कळलं, की तसं नसावं. वास ओळखणाऱ्या पेशींवर काटा अडकतो ते प्रथिन जवळजवळ नसतंच. ते असतं त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर. विषाणू त्यांच्यात शिरतो, त्या कोलमडतात आणि वास ओळखणाऱ्या पेशींचं काम थांबतं. सांभाळणाऱ्या पेशी पुन्हा तयार होऊ शकतात.

"मंग येईन वास?"

"बहुतेक येईल," मी म्हणालो. त्याहून पक्कं मला सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी वासाच्या सरावासाठी ती डोळे मिटून बसायची आणि मी लवंग, ओवा, लिंबाची साल, वेलदोडा एकेक करून तिच्या नाकाशी धरायचो. केनवडला परतल्यावर हेच काम तिच्या सुनेनं केलं. कढईजवळही तीच उभी राहायची. उतरवायचं कधी, हे सून सांगायची आणि ताई ऐकायची. पावसाळा सरता सरता ताईचा फोन आला. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, टायर जळाल्यासारखा वास येऊन राह्यला, म्हणाली. आवाजात आनंद होता.

हळूहळू बरंच परत आलं. जिरं अजून तिला पहिल्यासारखं वाटत नाही. ते भाजायचं असलं की ती सुनेलाच हाक मारते.

परवा तिच्याकडे गेलो होतो. अंगणात चहा पिताना तिनं चिंचेच्या झाडाकडे बोट दाखवलं. वटवाघळं बाहेर पडत होती. असे विषाणू त्यांच्या अंगात असतात, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं.

"मंग ते आजारी काहून नाही पडत?" तिनं विचारलं.

मला अर्धवटच माहीत होतं, तेवढं सांगितलं. त्यांचं शरीर विषाणूला आवरतं, पण आपल्यासारखं भडकून उठत नाही, असं म्हणतात. ती ऐकत होती, पण नजर वरच होती. चहा निवला तरी तिनं कप उचलला नाही.