कल्ले बघून घेतलेली पुस्तकं

कोटेशनं उघडून झाली होती आणि वासूबाब माझ्याऐवजी पंख्याकडे बघत होते. गोव्यात पेडण्याला आमच्या ग्रंथालयासमोर त्यांचं पुस्तकांचं दुकान आहे.

सरकारी अनुदान घेणाऱ्या आमच्यासारख्यांना नियम साधा. कोण किती सूट देतो ते लेखी मागवायचं, म्हणजे कोटेशन. जास्त सूट देईल त्याला ऑर्डर. ती दरवर्षी एका लांबच्या डिस्ट्रिब्युटरला जाते; यंदाही सूट त्याचीच जास्त होती. आम्ही मागितलेली पुस्तकं ‘आउट ऑफ स्टॉक’ असतात आणि बदल्यात त्याच्या गोदामातली पडीक येतात. मी ती नंबर घालून कपाटात लावते. वाचत कोणी नाही.

“यंदा पण ऑर्डर गेली तर शटर ओढतलंय, बाय,” वासूबाब म्हणाले. “भाच्याक मोबाइलच्या कव्हरांचा दुकान घालूचा आसा.”

ते गेल्यावर खिडकीपाशी वाचत बसलेल्या लुसीने मला विचारलं, हे गृहस्थ इतके उदास का? लुसी कॅनडातल्या क्युबेकची. तिथं फ्रेंच बोलतात. आयुष्यभर पुस्तकं विकून आता ती थंडीत इथं जवळच हरमलला खोली घेऊन राहते. मी सगळं सांगितलं, तर तिला सूट या गोष्टीचंच नवल. त्यांच्या तिकडे कायदाच आहे म्हणे: सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्याच भागातल्या सरकारची मान्यता असलेल्या दुकानांतून पुस्तकं घ्यायची, तीही पूर्ण किमतीला.

मला खरंच वाटेना. मग दुकानदार माजत नाहीत?

“मान्यता टिकवायची तर दुकानात नवी पुस्तकं ठेवावीच लागतात,” ती म्हणाली. “कायदा दोघांनाही बांधतो.” ती स्वतः नव्या पुस्तकांचे खोके ग्रंथालयात नेऊन ठेवायची. तिथले लोक चाळून हवी ती ठेवत, उरलेली ती परत आणायची. याला ‘ऑन अप्रूव्हल’ म्हणतात.

मी आमचा नियम पुन्हा वाचला. बघून घेऊ नका, असं त्यात कुठेच नव्हतं. तशीच ग्रंथालय कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. क्युबेक पेडण्यात आणू नकोस म्हणून ते आधी वैतागलेच.

“सर, बांगडो कल्ले बघल्याशिवाय घेतास तुम्ही?”

ते हसले आणि फेरकोटेशनला हो म्हणाले. या वेळी अट घातली: पुस्तकं आधी दाखवायची, नको ती परत न्यायची. डिस्ट्रिब्युटरने अंग काढून घेतलं. उरलेल्यांत वासूबाबांची सूट जास्त निघाली.

मला वाटलं, स्वारी खूश होईल. तर घाम फुटलेला. दुकानात निम्मी गाइडं आणि वह्या. कथा-कादंबऱ्या निवडणार कोण? शेवटी लुसीनेच त्यांना शिकवलं: समोरच्या वाचकांनाच विचारा. दोन आठवडे ते आमच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाचता म्हणून विचारत होते. मग खोके आले, आणि टेबलाभोवती गर्दी झाली. इतकी वर्षं या कपाटांपाशी बसून मी अशी गर्दी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

एक पुस्तक मात्र वासूबाबांच्या काखेतच होतं. मी हात पुढे केला.

“ह्यां मागीर बघ,” ते म्हणाले. “माझां अजून वाचून झाला नाय.”

शटर उघडंच आहे. सूट मात्र लुसीला अजून पटलेली नाही. नियम काय सांगतो ते सगळेच वाचतात. तो कशाला नाही म्हणत नाही, तेही एकदा वाचून ठेवावं.